यंत्र स्वस्त झाले, कौशल्याचे काय?

शिक्षक घडविण्याचे काम सातारा जिल्ह्याला नवे नाही. खंडाळा तालुक्यातील नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेऊन पुण्यात मुलींना शिकविले. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण तर आमच्या खटाव तालुक्यातीलच. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ साली सातारा येथे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले, ते खेड्यातील शाळेला खेड्याची जाण असलेला शिक्षक मिळावा म्हणून. पुढे १९५५ साली रयत शिक्षण संस्थेनेच आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू केले. शाळा काढावयाची तर आधी शिक्षक तयार केला पाहिजे, ही जाणीव या मातीत किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात येईल.

या जाणिवेची आज पुन्हा आठवण करून देण्याचे कारण असे की, शाळांतून यंत्रे वेगाने येत आहेत, आणि ती हाताळणारा उद्याचा शिक्षक मात्र त्या वेगाने तयार होत नाही. वडूज, मायणी, औंध, पुसेगाव या भागातील अनेक पदवीधर मुलेमुली दरवर्षी बी. एड. किंवा डी. एल. एड. ची वाट धरतात. त्यांचे आईवडील बहुधा कोरडवाहू शेतकरी असतात. २०१२ नंतर कित्येक वर्षे शिक्षकभरती जवळजवळ ठप्प होती. पुढे ती पवित्र प्रणालीमार्फत सुरू झाली, तरी पदविका व पदवी हाती असलेल्यांची रांग काही सरली नाही. अशा स्थितीत दोन वर्षे आणि शुल्काची रक्कम खर्चून ही मुले जे शिकतात, ते वर्गात उपयोगी पडणारे आहे काय, हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा नाही. तो त्या कुटुंबांच्या गुंतवणुकीचा प्रश्न आहे, आणि म्हणून अर्थशास्त्राच्या अध्यापकानेही त्यात लक्ष घालावयास हरकत नसावी.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर बी. एड. चा अभ्यासक्रम एक वर्षाचा दोन वर्षांचा झाला. शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी त्यात २० आठवडे राखून ठेवण्यात आले, आणि माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन या विषयाला स्वतंत्र स्थान मिळाले. ‘चिकित्सक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. यंत्र चालविता येणे आणि यंत्र केव्हा वापरावे, केव्हा बाजूस ठेवावे हे कळणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. यांपैकी पहिली गोष्ट आमच्या मुलांना आधीच येते. २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावोगावी पोहोचले, आणि आता तर भ्रमणध्वनी ज्याच्या त्याच्या खिशात आहे. उणीव आहे ती दुसऱ्या गोष्टीची.

पूरक वस्तूंचा न्याय

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात पूरक वस्तूंचा एक धडा असतो. दोन वस्तू एकमेकींच्या जोडीनेच उपयोगी पडत असतील, तर एकीची किंमत उतरली की दुसरीची मागणी वाढते. खटावच्या शेतकऱ्याला हा धडा पुस्तकावाचून कळतो. विजेची मोटार स्वस्त मिळाली म्हणून विहिरीला पाणी लागत नाही. उलट, घरोघर मोटारी झाल्या की पाण्याचे मोल अधिकच वाढते.

शाळेतील यंत्र आणि शिक्षकाचे कौशल्य यांचे नाते असेच आहे. संगणक, प्रक्षेपक, भ्रमणध्वनी या वस्तू पूर्वीच्या मानाने पुष्कळ स्वस्त झाल्या. देशातील शाळांसंबंधीच्या यूडायस प्लस या सरकारी अहवालानुसार २०२३-२४ मध्ये सुमारे ९२ टक्के शाळांत वीज, ५७ टक्के शाळांत संगणक आणि ५४ टक्के शाळांत इंटरनेट पोहोचले होते. घरची स्थिती तर याहून पुढची आहे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्के मुलांनी आपणांस स्मार्टफोन वापरता येतो, असे सांगितले. परंतु आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही काम त्यावर केल्याचे सांगणारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी तो वापरल्याचे सांगणारे ७६ टक्के. मोटार घरोघर आली आहे. पाणी कोठे सोडावे हे सांगणारा माणूस हवा आहे.

तात्पर्य असे की, यंत्र स्वस्त झाल्याने शिक्षकाचे महत्त्व कमी होते ही समजूत अर्थशास्त्रीय दृष्ट्याही चुकीची आहे. वस्तुतः त्याच्या कौशल्याचे मोल वाढते. मग खर्चाचा ओघही त्या बाजूस वळावयास हवा. आपल्याकडे मात्र यंत्राची खरेदी हा भांडवली खर्च असल्याने तो एकदा करून मोकळे होता येते, त्याचे उद्घाटन करता येते, त्याचे छायाचित्र घेता येते. शिक्षकाच्या तयारीचा खर्च आवर्ती असतो. तो दरवर्षी करावा लागतो, आणि त्याची फीत कापता येत नाही.

येऊन गेलेली यंत्रे

वर्गात यंत्र येण्याची ही पहिली वेळ नव्हे. गावठी शाळेतील धूळपाटी गेली आणि दगडी पाटी आली, तेव्हाही ते नवे तंत्रच होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्या प्रयोगातील दूरचित्रवाणी संचांची चर्चा पुष्कळ झाली. त्यातील एक भाग मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे १२ दिवसांचे प्रशिक्षण या माध्यमातून देण्यात आले. त्यात पडद्यावरील पाठाच्या जोडीला छापील साहित्य होते, हातांनी करावयाचे प्रयोग होते आणि शंका विचारण्यास केंद्रावर माणूस होता. पडदा एकटा शिकवील, असे ते प्रशिक्षण आखणाऱ्यांनी गृहीत धरले नव्हते.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ ही योजना आखून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक बसविले. १९८४ मध्येच पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था म्हणजे बालचित्रवाणी उभी राहिली, आणि मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक चित्रफिती तयार होऊ लागल्या. २०१७ साली ती संस्था बंद करण्यात आली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला देशपातळीवर ‘दीक्षा’ या संकेतमंचाचा आरंभ झाला. एक साधन जाते, दुसरे येते. या पन्नास वर्षांत वर्गात अखंडपणे टिकून राहिलेली वस्तू म्हणावयाची तर ती शिक्षकच होय. म्हणून भावी शिक्षकाला अमुक एक यंत्र शिकवून भागणार नाही. तो निवृत्त होईपर्यंत त्यातील कोणतेही यंत्र जागेवर असणार नाही.

परदेशांचा अनुभव याहून वेगळा नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने लाखो मुलांना लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांच्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. दर आठ मुलांमागे एक संगणक होता, तो दर मुलामागे एकाहून अधिक झाला; परंतु गणित आणि भाषा यांतील गुणांवर त्याचा परिणाम आढळला नाही. याउलट दिल्लीत २०१५ साली झालेल्या एका प्रयोगात साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत मुलांची प्रगती स्पष्टपणे दिसली. तेथील केंद्रावर मूल ९० मिनिटे बसे. निम्मा वेळ त्याच्या पातळीचे प्रश्न विचारणारा संगणक त्याच्यापुढे असे. उरलेला निम्मा वेळ लहान गटात एक सहायक त्याला शिकवी. पेरूत यंत्र मुलाच्या हाती देऊन योजना थांबली. दिल्लीत मूल नेमके कोठे अडले आहे हे आधी शोधले गेले, आणि माणूसही जवळ राहिला.

मटकी आणि येरळा

भावी शिक्षकाला हा भेद कसा शिकवावयाचा? सराव पाठांत नेहमी आढळणारा एक प्रकार घेऊ. विषय आहे बीजाचे अंकुरण. छात्राध्यापक मोठ्या हौसेने प्रक्षेपक मांडतो, तारा जोडतो आणि पडद्यावर बी फुटून अंकुर वर येताना दाखवितो. मुले डोळे विस्फारून पाहतात. निरीक्षक वहीत ‘तंत्रज्ञानाचा उत्तम वापर’ असा शेरा लिहितात. आता गंमत पाहा. त्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी आठवड्यातून एकदा मटकीला मोड आणलेले असतात. ती मटकी हाताने सोलून पाहिली असती, कोरडी, भिजलेली आणि मोड आलेली अशी तीन दिवसांची मटकी शेजारी शेजारी ठेवून चित्र काढावयास सांगितले असते, तर तो पाठ फुकटात झाला असता, आणि अधिक पक्का झाला असता.

आता दुसरा विषय घेऊ. भूगोलात नदीचे खोरे शिकवावयाचे आहे. वडूजच्या मुलाने येरळा पाहिलेली असते. पण त्याला दिसते ती पुलाखालची, वर्षातील बरेच महिने कोरडी असणारी नदी. तिचा उगम आपल्याच तालुक्याच्या उत्तर भागात आहे, ती दक्षिणेकडे सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते, हे त्याने ऐकलेले असले तरी ते त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहात नाही. उपग्रहाने टिपलेले चित्र पडद्यावर आणून, आपले गाव, आपला ओढा, मग येरळा, मग कृष्णा असा प्रवास त्याला दाखविला, तर कोणत्याही सहलीने साधणार नाही ते दहा मिनिटांत साधते. येथे यंत्राला पर्याय नाही.

मटकीला यंत्र नको आणि येरळेला हवे, हा निर्णय ज्याला घेता येतो तो तंत्रज्ञान शिकलेला शिक्षक होय. मिशिगन स्टेट विद्यापीठातील पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर या दोघांनी २००६ साली हेच सूत्ररूपाने मांडले. विषयाचे ज्ञान, अध्यापनाचे ज्ञान आणि तंत्राचे ज्ञान ही तीन सुटी सुटी शिकवून उपयोग नाही. तिन्ही जेथे एकत्र येतात ते क्षेत्र महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे. महाराष्ट्रातील शिक्षणशास्त्र महाविद्यालयांना ‘आशययुक्त अध्यापन’ हा शब्द फार पूर्वीपासून परिचित आहे. त्यातच तिसरे अंग जोडावयाचे आहे. ते निराळ्या तासिकेत, निराळ्या खोलीत, निराळ्या प्राध्यापकाकडे सोपविले की जोड सुटते.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सर्वत्र चर्चा झाली ती पाठ्यपुस्तकांवर छापलेल्या क्यूआर संकेतचिन्हांची. परंतु त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट साधी होती. शाळेतील मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. ही अडचण शिक्षकाने आधी ओळखली, मुलांची भाषा शिकून घेतली, आणि मग संकेतचिन्हाचा उपयोग केला. आपण चिन्हाची नक्कल करतो आणि अडचण ओळखण्याची सवय मात्र वगळतो.

आरशाचा उपयोग

अध्यापक महाविद्यालयांत ‘सूक्ष्म अध्यापन’ नावाचा एक प्रकार असतो. प्रश्न विचारणे, फलकलेखन, स्पष्टीकरण असे एकच कौशल्य घेऊन मोजक्या मुलांपुढे सहा मिनिटांचा पाठ घ्यावयाचा, त्यावर चर्चा करावयाची, पुन्हा तयारी करून तोच पाठ सुधारून घ्यावयाचा. ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डवाइट ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. तेथे तिचा मोठा आधार होता तो चित्रफितीचा. छात्राध्यापक स्वतःचा पाठ स्वतःच पाहात असे. भारतात १९७० च्या दशकात बडोद्यातील शिक्षणशास्त्रज्ञांनी आणि एनसीईआरटीने ही पद्धत आपल्या परिस्थितीला जुळवून घेतली. ३६ मिनिटांचे चक्र ठरविले: सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा पाठ, सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. परंतु चित्रफितीचे यंत्र महाविद्यालयांना परवडणारे नव्हते. म्हणून तिच्या जागी निरीक्षण करणारे सहाध्यायी आणि प्राध्यापक यांची योजना झाली. त्या काळी ती योजना शहाणपणाची होती.

आज ती उणीव उरलेली नाही. प्रत्येक छात्राध्यापकाच्या खिशात चित्रीकरणाचे यंत्र आहे. तरीही सूक्ष्म अध्यापन बहुतेक ठिकाणी जुन्याच रीतीने चालते, आणि तंत्रज्ञान म्हणजे मुलांना काहीतरी दाखविण्याचे साधन, ही समजूत कायम राहते. वस्तुतः भावी शिक्षकाला यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग आहे तो स्वतःला पाहण्यासाठी. आपण प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती सेकंद थांबतो? दर वेळी पहिल्या बाकावरच्याच मुलाला उठवितो काय? फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ करून बोलतो काय? मागे बसलेल्या मुलींना एकदा तरी प्रश्न विचारला काय? ही उत्तरे निरीक्षकाच्या शेऱ्यात क्वचितच सापडतात. सहा मिनिटांच्या चित्रणात ती लपत नाहीत. यासाठी नवी खरेदी नको, निविदा नको. भ्रमणध्वनी शिक्षकाकडे रोखलेला असावा, मुलांचे चेहरे टिपू नयेत, आणि चर्चा संपताच चित्रण पुसून टाकावे, एवढी शिस्त पुरे.

टाचणाची किंमत

आता एका नव्या गोष्टीचा विचार अपरिहार्य आहे. विषय, इयत्ता आणि उद्दिष्टे सांगितली की कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मिनिटाभरात पाठाचे टाचण लिहून देतात, तेही बऱ्या मराठीत. छात्राध्यापकांच्या वह्या आता अधिक नेटक्या होतील यात शंका नाही. पण टाचणाला जे मूल्य होते ते कागदाचे नव्हते, ते लिहिताना करावा लागणाऱ्या विचाराचे होते. जी वस्तू श्रमावाचून निघू लागते, ती श्रमाचा पुरावा म्हणून चालत नाही. वहीला गुण देण्याची पद्धत तशीच चालू ठेवली, तर आपण विद्यार्थ्याची तयारी मोजणार नाही, यंत्राचीच मोजू.

यावर बंदी हा उपाय नव्हे. बंदी पाळली गेली की नाही हे पाहण्याचा खर्च तिच्या लाभाहून अधिक होईल. उपाय असा की, गुण टाचणाला न देता त्यात केलेल्या दुरुस्तीला द्यावेत. यंत्राने दिलेले टाचण समोर ठेवावे आणि छात्राध्यापकाला विचारावे: यातील कोणते उदाहरण पुसेगावच्या मुलाला कळणार नाही? त्याच्या जागी तुम्ही कोणते घालाल? हा मुद्दा शिकविताना मुले कोठे चुकतील? टक्केवारीच्या पाठात महानगरातील मॉलमधील सवलतीचे उदाहरण काढून बाजार समितीतील बटाट्याच्या तोलाचे आणि अडतीचे उदाहरण ज्याने घातले, त्याने गणितही जाणले आणि मुलेही जाणली.

काय करता येईल?

टीका करून थांबणे बरे नव्हे. काही गोष्टी फारशा खर्चावाचून लगेच करता येण्याजोग्या आहेत. पहिली, वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक छात्राध्यापकाने पंधरवड्यातून एकदा स्वतःच्या पाठाचे चित्रण पाहून त्यावर मार्गदर्शकाशी चर्चा करावी, आणि त्याला सराव पाठाचा दर्जा मिळावा. दुसरी, टाचणात दोन रकाने वाढवावेत. ‘हे साधन न वापरता हा मुद्दा शिकविता आला असता काय?’ हा एक, आणि ‘वीज गेल्यास पाठ कसा पुढे न्याल?’ हा दुसरा. आमच्या भागात हा दुसरा प्रश्न काल्पनिक नाही. तिसरी, २० आठवड्यांच्या शालेय अनुभवातील काही काळ तरी छात्राध्यापकाला लहान, द्विशिक्षकी शाळेत पाठवावे. सुसज्ज शाळेत सराव करून तो साध्या शाळेत नोकरीला जाणार असेल, तर तो सराव त्याच्या कामाचा नव्हे. चौथी, प्राध्यापकांनी यंत्र वापरून आणि यंत्रावाचून असे दोन्ही प्रकारचे दिग्दर्शन पाठ स्वतः, खऱ्या मुलांपुढे घ्यावेत. पोहणे काठावरून शिकविता येत नाही.

पाचवी गोष्ट शासनाच्या हातची आहे. सेवेतील शिक्षकाला आज यंत्राची आठवण होते ती माहिती भरण्याच्या तगाद्यामुळे. हजेरी, आहार, गणवेश, निरनिराळे तक्ते यांत भ्रमणध्वनी गुंतलेला असतो. छात्राध्यापक शाळेत गेल्यावर हेच पाहतो आणि यंत्र म्हणजे कारकुनी अशी खूणगाठ बांधतो. हा भार हलका केल्यावाचून वर्गातील वापराची अपेक्षा धरणे न्याय्य होणार नाही. त्याचबरोबर यंत्रखरेदीच्या प्रत्येक योजनेत दुरुस्तीसाठी आणि शिक्षकाच्या तयारीसाठी ठरावीक हिस्सा बांधून द्यावा. तो दिल्यावाचून खरेदीच होऊ नये.

यावर कोणी म्हणेल, दुष्काळी तालुक्यातील शाळांना छप्पर आणि पाणी आधी हवे, ही चैन कशाला? आक्षेप खोटा नाही. परंतु वर सुचविलेल्यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. वेळ आणि आग्रह लागतो. शिवाय शहरातील मुलाला घरी पुस्तके, शिकवणी आणि शिकलेले पालक असतात. वर्गातील पाठ फसला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. खटाव-माणच्या मुलाचा पाठ फसला तर तो मागाहून भरून काढणारे घरी सहसा कोणी नसते. म्हणून यंत्राच्या बऱ्यावाईट वापराचा नफातोटा सर्वाधिक होतो तो याच मुलाचा.

येत्या शैक्षणिक वर्षात छात्राध्यापक आपापल्या शाळांत रुजू होतील, तेव्हा त्यांच्या महाविद्यालयांनी शाळेत प्रक्षेपक आहे की नाही, याची चौकशी जरूर करावी. मात्र त्याआधी त्यांच्याकडून एक गोष्ट लिहून घ्यावी: या वर्गातील कोणते मूल, कोणत्या मुद्द्यावर, कशामुळे अडले आहे? ते उत्तर ज्याच्यापाशी असेल, त्याच्या हाती मग खडू द्या किंवा संगणक. तो त्याचा योग्य उपयोग करील.